शिळ्या कढीला ऊत?

सभेत एखादा जुना विषय कोणी पुन्हा काढला की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, ‘शिळ्या कढीला ऊत कशाला आणता?’ हा टोला इतका सोपा आहे की, तो मारणाराला विषयाची माहिती असावी लागत नाही. कामगार चळवळीतल्या आयुष्यात मी हा टोला पुष्कळ वेळा खाल्ला आहे. आणि एकदा, लाजेने सांगतो, मारलाही आहे. मिटलेला वाद पुन्हा उघडू द्यावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तो उमरखेडच्या व्यासपीठावर मांडण्यास आणखी एक कारण आहे. आपले उमरखेड ज्या वऱ्हाडात मोडते, तो सारा प्रांतच जवळजवळ शंभर वर्षे अशा एका ‘मिटलेल्या’ वादाचा विषय होता.

२१ मे १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार निजामाकडून आपल्या हाती घेतला. कारण दाखवले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून, असा तो मामला होता. १८६० साली नवा तह होऊन सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि नळदुर्गकडील मुलूख निजामाला परत मिळाला; वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळवण्याचा ध्यास सोडला नाही. अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. वाद मिटला, असे सरकारने मानले.

परंतु १९२३ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी ते दप्तर पुन्हा उघडले. वडिलांनी १९०२ साली दिलेली संमती खुशीची नव्हती, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये त्याला उत्तर दिले. हे गृहस्थ पूर्वी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते. एकदा निकाल लागलेली बाब त्याच पक्षांनी पुन्हा पुन्हा वादात आणणे इष्ट नाही, या न्यायालयीन तत्त्वाचा त्यांनी आधार घेतला आणि दार लावून टाकले.

तत्त्व उत्तम आहे, यात शंका नाही. पण ते लागू होण्यासाठी आधी त्रयस्थ न्यायाधीश हवा. येथे मुलूख घेणारे सरकार, निकाल देणारे सरकार आणि ‘आता पुरे’ म्हणणारेही तेच सरकार! आणि गंमत अशी की, दहाच वर्षांनी, १९३६ साली, त्याच सरकारने वऱ्हाडावरचे निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व नव्या कराराने मान्य केले व त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. म्हणजे दार बंद होते ते तत्त्वामुळे नव्हे, सोयीमुळे. सोय बदलली, दार उघडले.

आता दुसऱ्या बाजूचेही खरे बोलले पाहिजे. निजामाने १९२३ च्या पत्रात वऱ्हाडच्या लोकांना स्वराज्य देण्याचे आश्वासन दिले होते. पण ते वरून द्यायचे दान होते. दिवाण आणि व्हाइसरॉय एवढी वर्षे भांडले ते मुलखासाठी. त्या मुलखात कापूस वेचणाऱ्या बाईला आणि सारा भरणाऱ्या कुणब्याला आपण कोणाचे व्हावे, हे त्या भांडणात कोणी विचारले नाही. वाद पुन्हा उघडणे चुकीचे नव्हते. ज्यांचा तो होता त्यांना बाहेर ठेवून उघडणे चुकीचे होते.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या गिरणगावात सापडते. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झालेल्याला बरे होईपर्यंत मजुरी, या मागण्यांवर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. पदरात काही पडले नाही. लोखंडे गप्प बसले असते तर मालक म्हणाले असते, विषय संपला. पण २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. मागणी जुनीच होती, बोलणारी तोंडे वाढली होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

कामाच्या तासांचा इतिहासही असाच आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात प्रौढांच्या तासांना मर्यादाच नव्हती. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १९११ साली रोज बारा तास ठरले; मग कारखान्यांसाठी १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, १९४८ साली नऊ, आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालेच असेल, ‘हे मागेच ठरले ना?’

कोर्टाला मुदत लागते, हे मी जाणतो. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन बडतर्फ कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येऊ लागले, पण तीन वर्षांच्या आत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मुदत दोन वर्षांवर आणली. ही मुदत आखूड आहे असे माझे मत आहे, पण मुदत असणे समजते. चर्चेला मात्र मुदत कशाला? चर्चेत कोणाची जप्ती येत नाही.

आता माझा टोला. काही वर्षांपूर्वी आमच्या सभेत एका वयस्क हमालाने मजुरीच्या वाटणीचा जुना ठराव पुन्हा वाचण्याची विनंती केली. मी अध्यक्ष होतो. ‘तो एकमताने झालाय, पुढचा विषय घ्या,’ म्हणालो. गडी मुकाट्याने खाली बसला. घरी येऊन इतिवृत्ताची वही उघडली. ठराव एकमताचा होता खरा. पण त्या दिवशी जिनिंगमध्ये राबणारी एकही बाई सभेला नव्हती, आणि कमी धरलेला वाटा बायकांचाच होता. पुढच्या सभेत मी विषय स्वतः मांडला. दोन सभा भांडणात गेल्या, वाटा सुधारला. मधल्या तीन हंगामांची तूट मात्र त्या बायांना कोणी भरून दिली नाही.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. जुना विषय काढणाराने जुने इतिवृत्त वाचून यावे आणि नवे काय आहे ते सांगावे. नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. आणि विषय बंद करणाराने आधी वही उघडून पाहावे की, पहिल्या वेळी हजर कोण होते आणि गैरहजर कोण. गैरहजर होते त्यांच्यासाठी तो विषय जुना नसतो. त्यांनी तो अजून ऐकलेलाच नसतो.