मरुभूमीची शमी

दसऱ्याला आपण ज्या शमीचें पूजन करतों, तीच मारवाडांतील खेजडी. पांडवांचीं शस्त्रें तिनें सांभाळलीं अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतों. मारवाडांत मात्र तिनें पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे व गुरांचे प्राण सांभाळले आहेत.

जेसलमेरच्या बाजूस वर्षाकांठीं जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा भूमींत प्रत्येक वनस्पतीनें जगण्याची आपापली युक्ति साधली आहे. केराचें झुडूप पानांचा संसार जवळजवळ सोडून देतें आणि हिरव्या फांद्यांवरच निर्वाह करतें. फोग आपल्या मुळांनीं सरकती वाळू धरून ठेवतो. खेजडीचीं मुळें ओलाव्याच्या शोधांत अत्यंत खोल जातात. म्हणूनच ऐन उन्हाळ्यांत, सारें रान होरपळत असतां, तिला नवी पालवी फुटते. तिचा पाला गुरांना चारा होतो आणि तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी होते. तिच्या छायेंत बाजरीहि चांगली येते. इ. स. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत तर लोकांनीं तिची साल दळून खाल्ली.

याच प्रदेशांत इ. स. १४८५ मध्यें जांभोजींनीं बिष्णोई पंथ स्थापिला. त्यांच्या एकोणतीस नियमांपैकीं एक असा कीं, हिरवें झाड तोडूं नये. या नियमाची कसोटी इ. स. १७३० मध्यें लागली. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या बांधकामासाठीं चुना भाजावयाचा होता. भट्टीला लांकूड हवें, म्हणून राजसेवक कुऱ्हाडी घेऊन खेजडली गांवीं आले. अमृतादेवी नांवाची स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली. ती पडली, तेव्हां तिच्या तीन मुली पुढें झाल्या. बिष्णोई परंपरा सांगते कीं, त्या प्रसंगीं ३६३ जणांनीं प्राण दिले. अखेर महाराजांनीं तोड थांबविली व बिष्णोईंच्या गांवांतील वृक्षांना अभय दिलें. या बलिदानामागें श्रद्धा होती, तसाच अनुभवहि होता. खेजडी गेली तर अवर्षणांत गुरें जगत नाहींत, आणि गुरें गेलीं तर गांव राहत नाहीं.

पुढें विसाव्या शतकांत परदेशांतून विलायती बाभूळ आणली गेली. ती झपाट्यानें वाढली, सरपण पुरवूं लागली. परंतु तिनें पुष्कळ ठिकाणीं देशी वृक्षांची जागाहि बळकाविली. १९८३ सालीं खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष ठरली. तरीहि अलीकडे बिकानेरच्या बाजूस सौर विजेच्या प्रकल्पांसाठीं तिच्यावर कुऱ्हाड चालली आणि गांवकरी पुन्हां विरोधास उभे राहिले. चुन्याची भट्टी जाऊन विजेचें यंत्र आलें, एवढाच फरक. येत्या दसऱ्याला शमीपुढें हात जोडतांना आपण त्या गांवकऱ्यांचेंहि स्मरण करावें.