तळटीप : जुन्या ट्यूनरास वाढीव भार

१. मजकुरात उल्लेखिलेला ‘ट्यूनर’ म्हणजे रायफलीच्या नळीच्या मुखाशी बसविलेला, आट्यांवर फिरवून पुढेमागे सरकविता येणारा धातूचा भार होय. .२२ बोअरच्या एकाच पेटीतील काडतुसांचाही वेग सारखा नसतो; सेकंदास ३३० ऐवजी ३२० मीटर वेगाने सुटलेली गोळी, हवेचा रोध हिशेबात न धरताही, ५० मीटरांवर सुमारे ७ मि.मी. खाली लागते, आणि तेथील लक्ष्यफलकावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मि.मी.! परंतु बार उडताच नळी कंप पावत असल्याने, मंद गोळी बाहेर पडते त्या क्षणी मुख वर चढत असेल तर ही तूट आपोआप भरून निघते, आणि हा मेळ घालणे हेच ट्यूनरचे प्रयोजन. जुन्या घडणीच्या ट्यूनरात वाढीव वजनाची तजवीज नसल्यास कारागीर त्याच्या पुढील तोंडास लेथवर आतून आटे पाडून पितळी कडे बसवितात. हे आटे नळीच्या अक्षाशी काटेकोर समकेंद्री असावेत, कड्याचे छिद्र गोळीस स्पर्श न होईल इतके प्रशस्त असावे, आणि कडे हादऱ्याने ढिले पडू नये म्हणून बारीक स्क्रूने जखडावे. तेच वजन जितके पुढे, तितका त्याचा परिणाम अधिक. सबब जड कड्यांची रास रचण्याचा कित्येकांचा हव्यास आम्हांस अनाठायी वाटतो. वजन बदलताच ट्यूनरवरील जुन्या खुणा रद्दबातल ठरतात व जुळणी मुळापासून करावी लागते. — संपादक