दवाखान्याच्या पायातले दगड

माझी एक जुनी विद्यार्थिनी मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत तीन वर्षं नोकरीला होती. दिवसभर फोनवर लोकांची दुःखं ऐकायची. मागच्या रमजानमध्ये ती घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. पगार दोन महिने थकलेला, रजा मागितली की सगळ्यांसमोर अपमान, रात्री अकरालाही साहेबांचा मेसेज. तक्रार केली की एकच उत्तर मिळायचं, "ही नोकरी नाही, सेवा आहे." तिला झोप लागत नव्हती. ज्या त्रासावर ती दुसऱ्यांना सल्ला द्यायची, तोच तिला जडला होता.

मी तिला धीर द्यायला आपला आवडता इतिहास सांगितला. बीमारिस्तान, वक्फचे दवाखाने, मनोरुग्णांसाठी वेगळी जागा. जलशांत आपण हे अभिमानाने सांगतोच. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तिथे राबणाऱ्यांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून पुन्हा पुस्तकं काढली.

कैरोत सुलतान कलावूनचा बीमारिस्तान 1284 च्या सुमारास उभा राहिला. सुलतान होण्याआधी कलावून दमास्कसमध्ये पोटशूळाने आजारी पडला. तिथल्या नूरुद्दीनच्या बीमारिस्तानातल्या औषधांनी त्याला आराम पडला. सत्ता मिळाली तर असाच दवाखाना बांधीन, अशी मन्नत त्याने केली आणि ती पाळलीही. गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी दारं उघडी, उपचार मोफत, खर्च वक्फच्या उत्पन्नातून. वेड लागलेल्यांसाठीही तिथे स्वतंत्र जागा होती. यात खोटं काही नाही आणि अभिमान वाटण्यात गैरही नाही.

पण त्याच दवाखान्याची दुसरी हकीकत आपल्याच इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तकीउद्दीन मक्रीझी (1364–1442) हा कैरोचाच. शहराच्या वास्तूंवरच्या 'खितत' या ग्रंथात तो सांगतो की ही जागा आधी एका अय्यूबी शहजादीच्या मालकीचा वाडा होती. तिला दुसरा वाडा देऊन तो तिच्या मनाविरुद्ध घेतला गेला. बांधकाम अमीर संजर शुजाईकडे होतं. त्याला घाई होती. शहरातल्या कारागिरांना दुसऱ्या कुणाचं काम करायला मनाई झाली. कैद्यांना जुंपलं. रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवून दगड उचलायला लावत, मग तो कितीही प्रतिष्ठित असो. शेवटी लोकांनी त्या वाटेने जाणंच सोडलं. दवाखाना, मदरसा आणि मकबरा मिळून एवढा मोठा पसारा वर्षभराच्या आसपास पुरा झाला. आज आपण त्या वेगाचं कौतुक करतो.

त्या काळात सगळे गप्प मात्र बसले नाहीत. अशा इमारतीत नमाज पढावी की नाही, असा प्रश्न उलेमांसमोर आला आणि काहींनी तिथे नमाज पढायचं टाळलं. काम सवाबाचं होतं, बांधणारा सुलतान होता, तरी पायातला जुल्म त्यांनी नजरेआड केला नाही.

मक्रीझीचं स्वतःचं मत वाचून मी थबकलो. तो म्हणतो की याआधीच्या राज्यकर्त्यांनी तरी वेगळं काय केलं? त्यांनीही वाडे घेतले, माणसं वेठीला धरली. कुणी कमी जालीम, कुणी जास्त, इतकाच फरक. हे वाचताना आजचं ऑफिस आठवतं. "सगळीकडे असंच असतं" हे वाक्य तेव्हापासून चालत आलंय.

हे फक्त सुलतानांच्या काळापुरतं नाही. जगभर मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलमध्ये 2018 साली दोन कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर संस्थेनेच बाहेरच्या लोकांकडून पाहणी करून घेतली. 2019 मध्ये अहवाल आला. पाहणीतल्या 39 टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं की इथे काम केल्यामुळेच आपल्याला मानसिक किंवा शारीरिक आजार झाला. कामासाठी स्वतःला झिजवून घेणं म्हणजेच निष्ठा, ही समजूत तिथे मुरली होती. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी: अहवाल त्यांनी दडवला नाही, जाहीर केला.

आपल्याकडे काय आहे? मजुराची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण मदरशाचे मौलाना, ट्रस्टच्या शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली आया यांचा पगार थकला की त्यांनाच सब्र शिकवतो. सब्र सोसणाऱ्याने करायचा असतो. पगार थकवणाऱ्याने तो दुसऱ्याला सांगायचा नसतो. नियत नेक असली म्हणून देणं माफ होत नाही.

कलावूनच्या दवाखान्याने शतकानुशतकं रुग्णांना आसरा दिला, हे खरं आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या पाठीवर जबरदस्तीने दगड दिला गेला, हेही खरं आहे. मुलांना शिकवताना यापुढे मी दोन्ही सांगणार आहे.

विद्यार्थिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे त्या रस्त्याने जाणं सोडणारे लोक चुकीचे नव्हते."

"नव्हते," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला. थकलेल्या पगारासाठी मात्र तिने लेखी अर्ज केला आहे, आणि तो मागे घेणार नाही म्हणते.