बाड आणि रुमाल: धुळ्याच्या दफ्तराची कुळकथा

सरकारी दफ्तरखान्याची वंशावळ सर्वश्रुत आहे: १८९१ मध्ये कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट निघाले, दिल्लीतील त्याची इमारत १९२६ मध्ये पूर्ण झाली आणि स्वातंत्र्यानंतर त्याचेच राष्ट्रीय अभिलेखागार झाले. त्याच १९२६ च्या ३१ डिसेंबरला इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यात निवर्तले आणि जानेवारी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. या दुसऱ्या दफ्तराचे कूळ मात्र वाटते तितके उघड नाही.

रूढ समजूत अशी की, धुळ्याचे मंडळ म्हणजे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची प्रतिकृती. कारण ते मंडळही १९१० मध्ये राजवाड्यांनीच सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने काढले होते. कालक्रम या मताला अनुकूल आहे, माणसे नाहीत. धुळ्यातील मंडळ उभे करण्यात पुढाकार घेणारे भास्कर वामन भट हे सत्कार्योत्तेजक सभेच्या वर्तुळातले होते आणि ही सभा १८९३ ची, म्हणजे पुण्याच्या मंडळाहून सतरा वर्षांनी वडील. सभेचे प्राण शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचे वकील. रामदासी मठ धुंडाळून तेथील हस्तलिखिते मिळवणे हा त्यांचा ध्यास होता आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. तेव्हा कागद शोधत गावोगाव फिरण्याची रीत पुण्याहून धुळ्याला आली असे म्हणण्यापेक्षा ती मठांच्या वाटेने धुळ्यात आधीच रुजली होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

हा भेद कागद बांधण्याच्या पद्धतीतही दिसतो. पेशवे दफ्तराचे मोजमाप रुमालांत होते. रुमाल म्हणजे जाड कापडाचा चौकोन, ज्यात सुटे मोडी कागद गुंडाळून गाठ मारलेली असते आणि जो कारकुनाने मागणीप्रमाणे सोडावा, पुन्हा बांधावा, फडताळात सारावा. बाडाची जात निराळी. लांबट, अरुंद पाने आखूड कडेला शिवलेली, वही उघडायची ती आडवी नव्हे तर वरच्या अंगाला. आत अभंग, आरत्या, एखादे प्रकरण, मध्येच कोणाचा तरी हिशेब. रुमाल जपायचा तो पुराव्यासाठी आणि बाड उतरवून घ्यायचे ते पाठासाठी. म्हणून रुमालाला पहारेकरी लागतो आणि बाडाला नक्कल करणारा शिष्य. देवांनी स्थापलेल्या, धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत आहे. खुद्द गुरूनेही आधी लेखनिक व्हावे, ही परंपरेची अपेक्षा त्या एका पोथीतून पुरेशी स्पष्ट होते.

या उपपत्तीला एक वजनदार आक्षेप आहे. राजवाड्यांचा आयुष्यभराचा व्यासंग भक्तिपर बाडांपुरता नव्हता. १८९८ पासून निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांत पत्रे, सनदा, महजर (म्हणजे वतनाच्या तंट्यात गोतसभेने दिलेले निवाडपत्र) यांचीच गर्दी आहे. आक्षेप खरा आहे; पण तो ऐवजाला लागू पडतो, रीतीला नाही. राजवाड्यांनी हे कागद देशमुख, कुलकर्णी, जोशी यांच्या माळ्यांवरून, घरमालकाची मनधरणी करून मिळवले आणि नकलून छापले. सरकारी रुमाल त्यांच्यासाठी खुले नव्हतेच. वतनदाराने कागद जपला तो हक्क शाबीत करण्यासाठी, मठाने जपला तो उपासनेसाठी, आणि दोन्हींकडे जायचे तर संशोधकाला गोसाव्यासारखे दारोदार हिंडणे भाग होते.

खानदेशच का, याचे उत्तर तर्कानेच द्यावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख थेट कंपनीकडे गेला. पुण्याला जसे पेशव्यांचे किंवा बडोद्याला गायकवाडांचे सलग दफ्तर होते, तसे राजदफ्तर धुळ्याच्या वाट्याला आले नाही. जेथे दफ्तर आयते नाही तेथे ते गोळा करावे लागते आणि गोळा करण्याचा तयार वस्तुपाठ शहरात सभेच्या रूपाने हजर होता. एवढ्या बळावर धुळ्याच्या मंडळाचे जनकत्व पुण्याकडे आणि आजोळ रामदासी मठांकडे द्यावे. अभिलेखागारांच्या इतिहासात दिल्ली, कलकत्ता आणि मुंबईचीच वंशावळ लिहिली जाते, तीत ही आजोळची शाखा नोंदवणे इतिहासकारांकडे थकलेले काम आहे.