ताडोबा : उद्यानातला देव

ताडोबा म्हटले की आज वाघ आठवतो. परंतु हे नाव मूळचे एका देवाचे. चंद्रपूरच्या उत्तरेस असलेल्या त्या तळ्याच्या काठी, झाडाखाली त्याचे ठाणे आहे. तारू हा तेथल्या एका गावाचा प्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला, आणि त्या भागातील गोंडांनी त्याला देव मानले. तारूचा तारोबा व पुढे ताडोबा झाला, अशी परंपरा सांगते.

या कथेत वाघावर सूड उगवला जात नाही. वाघ मरत नाही, अरण्य साफ होत नाही. वाघ जंगलात राहतो आणि मेलेला माणूस काठावर देव होऊन बसतो. त्याच्या साक्षीने माणसांनीही तेथेच नांदायचे असते. माणूस व वन्यप्राणी यांच्या सहजीवनावर अलीकडे परिसंवाद भरतात. त्यांत तारूचे नाव निघालेले निदान आमच्या कानी तरी आलेले नाही.

याच तळ्याची दुसरी एक कथा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने नोंदवली आहे. तहानलेले एक लग्नाचे वऱ्हाड तेथे आले; एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून जमीन खणताच पाणी उसळले आणि त्यात सारे वऱ्हाड बुडाले. पुढे यात्रेकरूंनी मागितली की तळे स्वयंपाकाची भांडी देई. ती घासून परत करायची, एवढीच अट. एकाने ती घरी नेली आणि देणे कायमचे थांबले. भांडी देणारे तळे महाराष्ट्रात इतरत्रही भेटते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हे कथाबीज नवे नाही. येथे मात्र ते वनोपजावर जगणाऱ्यांच्या मुलखात आल्याने त्याला वेगळाच अर्थ चढतो : गरजेपुरते घ्यावे, घेतलेले परत करावे.

उद्यानाचा इतिहास मात्र बहुधा १९५५ पासून सांगितला जातो. त्या वर्षी सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. त्याआधीचे सगळे 'दंतकथा' या सदरात जाते. वाटेवरचे गोंडकालीन दगडी खांब पर्यटकांना कौतुकाने दाखवतात. ते उभे करणाऱ्यांचे वंशज आसपासच्या गावांतच आहेत, हे सांगायचे राहून जाते.

खरी अडचण कायद्याच्या भाषेत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील अठ्ठाविसावे कलम प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी द्यावा ते सांगते : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि तेथे राहणाऱ्यांशी वैध व्यवहार. पूजा या यादीत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने तीत चित्रपटनिर्मिती आणली. देवदर्शन तेव्हाही बाहेरच राहिले. पौषात तळ्याकाठी देवाची यात्रा भरत आली आहे. त्या देवाचा भक्त या यादीत बसवायचा, तर त्याला पर्यटकच म्हणावे लागेल!

वाघाला निवांत क्षेत्र हवे, याविषयी आमचे दुमत नाही. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गाभा क्षेत्रातून बाहेर आली. शाळा, रस्ता, दवाखाना हवा असणाऱ्यांना त्यात सोय दिसली असेल, तर तीही नाकारू नये. पण घर सोडणे आणि देव सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नियमगिरीच्या प्रकरणात, तो खाणीचा प्रश्न होता, उद्यानाचा नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली डोंगरिया कोंधांचे धार्मिक हक्क ग्रामसभांनी विचारात घ्यावेत असे ठरवले, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. श्रद्धास्थान हा हक्काचा विषय होऊ शकतो, हे तेथे मान्य झाले. ताडोबाच्या यात्रेचा विचार वनविभागाच्या सवलतीऐवजी या अंगाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या क्षेत्रातले एक काम तर आजही करता येईल. चंद्रपूर-गडचिरोलीकडील महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी या गावांच्या नव्या वसाहतींत जावे. तारूच्या कथेचे जेवढे पाठ मिळतील तेवढे, गोंडीत सांगितलेले असतील तर गोंडीतच, सांगणाऱ्याच्या संमतीने उतरवून घ्यावेत आणि मग गॅझेटियरची प्रत शेजारी ठेवून ते वाचावेत.