काळूचे अठरा तास

काळू दोन महिन्यांचा होता, वजन जेमतेम अडीच किलो. पुतण्यानं वावरातून उचलून आणला तेव्हा त्याच्या कानांत गोचीड भरलेले होते. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, सोयाबीन-तुरीचं. पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊला सुरू झालं आणि रात्री तीनला संपलं. ते सगळं मी वेळेसकट लिहितो आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर करण्यासारखं काहीतरी होतं आणि आम्ही भलतंच करत बसलो.

सकाळी ९.०० (१८ तास आधी)

विहिरीवर बैल धुणं चाललं होतं. गोचीड मरावेत म्हणून दादानं सोयाबीनवरच्या फवारणीचं उरलेलं औषध बादलीत झाकणभर ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. बैलांच्या पाठी चोळून झाल्या आणि तळाशी उरलेल्या पाण्यात मी काळूला बुडवलं. मीच. मान धरून, कानांपर्यंत, उघड्या हातानं. मग त्याला उन्हात ठेवला. तो अर्धा तास बसून पोट, पाय, शेपटी चाटत राहिला. साडेतीनशे किलोच्या बैलाची कातडी आणि अडीच किलोच्या पिल्लाची कातडी यात काय फरक असतो, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. चाटल्यामुळे जे अंगावर होतं ते पोटातही गेलं.

दुपारी १.०० (१४ तास आधी)

पुरणपोळीचा नैवेद्य झाला. काळूला तुकडा टाकला, त्यानं हुंगलाही नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पुरणाच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं असेल, असं पुतण्या म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं.

दुपारी ४.३० (साडेदहा तास आधी)

पातळ संडास. डोळ्यांतून पाणी. मांडीचे स्नायू कातडीखाली किडे वळवळल्यासारखे थरथरत होते. आई म्हणाली, "त्याले थंडी भरली, धुतलं ना सकाळी." गोधडीत गुंडाळून त्याला चुलीजवळ ठेवला आणि आम्ही बैल घेऊन तोरणाखाली गेलो. ज्या अंगावरून विष धुऊन काढायला हवं होतं, ते अंग आम्ही ऊबदार गोधडीत बांधून ठेवलं.

रात्री ८.१५ (पावणेसात तास आधी)

पहिली फिट. आधी तो एका जागी ताठ झाला, मान मागे गेली, मग एका कुशीवर पडला आणि चारही पाय पोहल्यासारखे हलू लागले. दातांवर दात. फेस. लघवी झाली. डोळे उघडे होते, पण बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या आणि नजर कुठेच नाही. शेजारच्या काकांनी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून आणला. जीभ गिळेल म्हणून मी तोंडात बोट घातलं, ते फाटलं. कुत्रं फिटमध्ये जीभ गिळत नाही. तोंडाजवळ हात न्यायचा नसतो. आजूबाजूचं सामान बाजूला सारायचं, दिवा मंद करायचा, घड्याळ पाहायचं आणि जमलं तर मोबाइलवर चित्रण करायचं, कारण डॉक्टरांना आपल्या सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

दीड मिनिटात तो शांत झाला. लटपटत उठला, भिंतीला धडकला. "मिरगी हाय त्याले," असा निकाल लागला. वाटीभर दूध आम्ही त्याच्या घशात ओतलं. शुद्ध पुरती आलेली नसताना ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला नंतर कळलं.

मिरगी हा शब्द त्या रात्री आम्हाला सगळ्यात महाग पडला. आनुवंशिक मिरगी कुत्र्यात बहुधा सहा महिन्यांनंतर दिसते. दोन महिन्यांच्या पिल्लाला झटके आले तर आधी इतर कारणं शोधायची: उपासानं रक्तातली साखर उतरणं, डिस्टेंपर, डोक्याला मार, यकृताचा जन्मदोष, रेबीज, विष. मिरगी म्हटलं की माणूस कारण शोधणं थांबवतो. आम्ही थांबलो.

रात्री ११.४० (३ तास २० मिनिटं आधी)

तिसरी फिट. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये तो शुद्धीवर आलाच नाही. ओळखीच्यांकडून नंबर मिळवून अकोल्याच्या एका डॉक्टरांना उठवलं. मी फिटचं वर्णन सांगत होतो, त्यांनी मध्येच विचारलं, "सकाळपासून त्याच्या पोटात काय गेलं? अंगावर काय लावलं?"

घरात कोणी काही बोललं नाही. दादा उठून गोठ्यात गेला.

रात्री १२.१० (२ तास ५० मिनिटं आधी)

मोबाइलच्या उजेडात बाटली फिरवून वाचली. प्रोफेनोफॉस. पिवळा त्रिकोण, म्हणजे अति विषारी. कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत विषबाधेची लक्षणं होती, आणि त्यापुढे उतारा: अ‍ॅट्रोपिन. सबंध दिवस ही बाटली गोठ्याच्या कोनाड्यात, काळूपासून वीस पावलांवर होती.

हे ऑर्गॅनोफॉस्फेट. एका नसेचा निरोप पुढे पोचवणारं रसायन शरीर लगेच मोडून टाकतं, म्हणून निरोप थांबतो. हे विष ते मोडणं बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही: लाळ थांबत नाही, स्नायू थांबत नाहीत, शेवटी मेंदू आणि श्वास. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २०पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती बातमी आमच्या घरात वाचली गेली होती.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, भांड्याच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं त्याला धुतलं. पंधरा तास उशिरा. माझं बोटही साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावलं. पिल्लू कुठून आलं ते माहीत नाही, उद्या रेबीजची लस घ्यायची, असं बजावलं.

रात्री १.४५ (सव्वा तास आधी)

सणाची रात्र, गाडी मिळायला दीड तास गेला. तालुक्याला कोणी फोन उचलला नाही. डॉक्टर म्हणाले, इकडेच घेऊन या, इंजेक्शन तयार ठेवतो.

रात्री २.४० (२० मिनिटं आधी)

मेडशी मागे पडलं होतं. मांडीवर काळूला पुन्हा फिट आली आणि ती थांबेना. पाच मिनिटांवर फिट गेली की मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, अंगाचा ताप चढतो. काळूचं अंग तव्यासारखं तापलं होतं. काच उघडून ओलं फडकं त्याच्या पोटावर ठेवलं. पुतण्या पुढच्या सीटवरून मागे वळून पाहत होता. त्याला पुढे पाहा असं सांगायला मला तोंड नव्हतं.

पहाटे ३.००

पातूरच्या अलीकडे तो गेला.

मी रेबीजच्या लसीचे सगळे डोस घेतले. फवारणीची औषधं आता कुलपात असतात आणि गोचिडांचं औषध जनावरांच्या डॉक्टरांकडून, वजन सांगून आणतो. गोठ्याच्या दारावर पुतण्यानं खडूनं पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक लिहिला आहे. त्याखाली डॉक्टरांचा नंबर, आणि त्याखाली, शुद्धलेखन चुकवून, अ‍ॅट्रोपिन.