कराची-मुंबई: 880 किलोमीटरांची गोष्ट

मुंबईहून कराची विमानमार्गाने सरळ रेषेत सुमारे 880 किलोमीटर आहे, म्हणजे दिल्लीपेक्षाही जवळ. जेट विमानाला दीड तास पुरे. पण आज हा प्रवास करायचा तर आधी दुबई गाठावी लागते. तिथवर तीन तास, विमान बदलण्यासाठी थांबायचं आणि मग कराचीचे आणखी दोन तास. अंतर तेच राहिलं, वेळ मात्र सतत बदलत गेला. या दोन शहरांमधल्या विमानप्रवासाचा सगळा इतिहास त्यात सामावला आहे.

त्याची सुरुवात टपालाने झाली. 1929 मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची हवाई सेवा सुरू केली, पण पुढे मुंबई-मद्रासपर्यंत तिने आणलेली पत्रं तितक्याच वेगाने नेणारं कोणी नव्हतं. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने योजना आखली आणि टाटांनी ती उचलून धरली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी पहाटे 28 वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान उडवलं. रेडिओ नव्हता, वाट दाखवणारी यंत्रणाही नव्हती. अहमदाबादला इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले. तिथून पुन्हा उड्डाण करून दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. वळसा धरून हे अंतर हजार किलोमीटरांच्या वर होतं आणि त्याला सात तासांहून थोडा जास्त वेळ लागला. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं ते व्हिन्सेंट यांनी.

जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग विमानांचा मुक्काम पुण्याला, येरवड्याकडे हलवावा लागे. तरीही टपाल वेळेवर पोचवण्यात या सेवेने नाव कमावलं. तिच्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

त्या काळी कराचीला जाणं म्हणजे परदेशी जाणं नव्हतं. 1936 मध्ये सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत हे शहर मुंबई इलाख्यातच होतं. तिथल्या जुन्या सरकारी हायस्कुलाला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव आहे. फाळणीने मधे सरहद्द आली, तरी विमानं चालू राहिली. 1965 च्या युद्धाने ती थांबवली, 1971 मध्ये हवाई वाहतूक पुन्हा बंद झाली. हवाई संबंध पूर्ववत झाले ते थेट 1976 मध्ये.

या मार्गावरचं सगळ्यांत हृद्य उड्डाण त्यानंतरचं. 1982 मध्ये, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला, 78 वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा एकटे कराचीहून निघाले. या वेळी हाताशी लेपर्ड मॉथ हे जुनंच विमान होतं. दोन्ही देशांत तोवर दोन मोठी युद्धं होऊन गेली होती, तरी हे उड्डाण होऊ शकलं, याचं मोल मोठं आहे.

पुढे थेट विमानं बंद झाली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांसाठी आपलं आकाशही बंद केलं. त्याची झळ कराचीशी काहीही संबंध नसलेल्या प्रवाशांनाही लागली. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांना गुजरातवरून अरबी समुद्रावर येऊन पश्चिमेकडे वळावं लागलं. त्यांचा वेळ वाढला आणि इंधनाचा खर्चही.